एका कार्डाचे बारा कारभारी

लिनक्सवाल्यांच्या जगात एक जुना विनोद आहे: नेट चालत नसेल तर घाबरू नका, उपाय नेटवर आहे. हा विनोद कोणी मुद्दाम रचला नसावा. तो नुसता घडत गेला असावा. वायफायच्या चिपला चालायला फर्मवेअर नावाची जी फाइल लागते, ती मुक्त परवान्याची नसल्यामुळे बरीच वर्षे डेबियन या डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या, अधिकृत इन्स्टॉलरात नसायची. ती उतरवून घ्यायची तर नेट हवे, नेट हवे तर वायफाय हवे, आणि वायफाय हवे तर ती फाइल हवी. ज्यांच्याकडे केबल होती ते सुटले, बाकीच्यांनी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरपुढे पेनड्राइव्ह घेऊन रांग लावली. २०२२ साली डेबियनच्या मंडळींनी रीतसर मतदान घेऊन हे फर्मवेअर इन्स्टॉलरात घालायचे ठरवले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते मिळू लागले. म्हणजे विनोदाचा पायाच गेला. तरीही लिनक्सच्या डेस्कटॉपवर नेटवर्कची सेटिंग बदलायची म्हटले की जाणत्या माणसाच्याही चेहऱ्यावर जो सावधपणा येतो, तो काही गेलेला नाही. त्यावरून लोक म्हणतात की लिनक्सला अजून धड नेटवर्क जमत नाही. हे काही पटत नाही. घरोघरच्या कितीतरी राउटरांच्या पोटात लिनक्सच बसलेले आहे आणि ते वर्षानुवर्षे कोणाचीही झोप न मोडता चालते. डेस्कटॉपवरचे दुखणे कार्डाचे नाही, ड्रायव्हरचेही आता फारसे नाही. ते कारभाराचे आहे. एकाच कार्डावर हुकूम चालवायला इतके जण हजर आहेत, आणि त्यांच्यातला एकही जण निवृत्त व्हायला तयार नाही.

याचे मूळ कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, स्वभावात आहे. कार्डाशी खरा व्यवहार कर्नल करतो. पण कार्डाला कोणता आयपी पत्ता द्यावा, कोणते वायफाय धरावे, केबल निघाली तर काय करावे, याबद्दल त्याला स्वतःचे मत नाही, आणि ते नसावे असेच त्याच्या कर्त्यांनी ठरवले आहे. यंत्रणा आमची, धोरण तुमचे, असा सरळ हिशेब. नेटलिंक नावाच्या वाटेने जो कोणी रूटचा, म्हणजे मशीनच्या धन्याचा, अधिकार घेऊन येईल आणि म्हणेल की या कार्डाला १९२.१६८.१.२३ हा पत्ता लाव, त्याचे कर्नल ऐकतो. दोन मिनिटांनी दुसरा कोणी येऊन म्हणाला की तो पत्ता काढ, तर त्याचेही ऐकतो. ‘अहो, आत्ताच तर एक गृहस्थ लावून गेले’ असे म्हणायची त्याची पद्धत नाही. नाही म्हणायला रूटिंगच्या तक्त्यात एक बारीकशी नोंद सापडते. ‘आयपी रूट’ ही आज्ञा दिली की ओळीत ‘प्रोटो डीएचसीपी’ किंवा ‘प्रोटो कर्नल’ असे शब्द दिसतात; ही वाट कशी आली त्याची ती खूण. पण ती कोणत्या प्रोग्रॅमने आणली ते त्यात नाही, आणि खूणसुद्धा आणणारा जी सांगेल तीच उमटते.

अशा ठिकाणी मराठी माणसाच्या तोंडी आपसूक बारभाईंचा कारभार येतो, आणि तो नाक मुरडूनच येतो. खरे तर यात त्या बारभाईंवर थोडा अन्याय आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू, नाना फडणवीस आदी मुत्सद्दी एकत्र आले, राघोबादादांना त्यांनी गादीपासून लांब ठेवले आणि तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवले. भाई पुष्कळ होते, त्यांच्यात कुरबुरीही होत्या, पण गादी कोणाची याबद्दल वाद नव्हता. लिनक्समध्ये भाई तेवढेच आहेत, फक्त अमुक कार्ड कोणाच्या ताब्यात, हा पहिलाच मुद्दा कागदावर नाही. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्याभोवती आहे. कारभारी अनेक असण्याने बिघडत नाही. कोणते कार्ड कोणाकडे आहे हे मशीनने विचारल्याबरोबर सांगितले पाहिजे, आणि नेमके तेच ते सांगत नाही.

भाईंची थोडी ओळख करून द्यायला हवी. सगळ्यांची नको, नाहीतर लेख मानपानातच संपेल. सर्वांत थोरले इफकॉन्फिग. त्यांचा जन्म बर्कलेच्या युनिक्समधला, १९८३चा, म्हणजे ते लिनक्सहून आठ वर्षांनी मोठे. त्यांच्या जागी ‘आयपी’ ही आज्ञा गेल्या शतकातच आली, पण पुस्तके, क्लासच्या नोट्स आणि नोकरीच्या मुलाखती इफकॉन्फिगलाच धरून राहिल्या. २०१७च्या डेबियन ९ पासून ते आपोआप बसेनासे झाले. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही सांगायला हवे, की नव्या आज्ञेने कार्डाला दुसरा पत्ता लावला तर तो त्यांना दिसत नाही, आणि आपल्याला दिसत नाही ते नाहीच, अशा खात्रीने ते अहवाल देतात. त्यानंतर प्रांतोप्रांतीचे सुभेदार: डेबियनमध्ये इफअपडाउन, रेड हॅटमध्ये नेटवर्क-स्क्रिप्ट्सचे फोल्डर, स्लॅकवेअर, आर्च, सुसे यांचे आपापले वेगळे. २००४ साली रेड हॅटच्या मंडळींनी नेटवर्कमॅनेजर आणले. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याला दर नव्या वायफायसाठी फाइल लिहायला लावू नये, हा त्यामागचा माणुसकीचा विचार होता. नेटवर्कमॅनेजर हळूहळू सगळ्या प्रांतांत गेले, मात्र आपल्या आवृत्तीला १.० हा आकडा लावायला त्यांना डिसेंबर २०१४ उजाडला. दहा वर्षे ते जगाची कार्डे सांभाळत होते ती उमेदवारीवर. मधल्या काळात त्यांच्यावर चिडलेल्यांनी विक्ड वापरले, इंटेलने कॉनमॅन काढले, मशीनवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने नेटवर्कडी काढले. २०१७ साली उबुंटूने नेटप्लॅन आणले, आणि याचे काम तर नेटवर्क चालवणे हेही नाही. नेटवर्क कोणी आणि कसे चालवायचे ते एका वायएएमएल फाइलीतून वाचून चालवणाऱ्याला कळवणे, एवढेच. त्या फाइलीत एक टॅब पडला की सगळा हुकूम रद्द. जागा स्पेसबारनेच सोडाव्या लागतात आणि त्याही मोजून. यातल्या जवळजवळ प्रत्येकाने येताना सांगितले की आता जुन्यांची गरज उरली नाही. ते खरेही होते. फक्त जुन्यांना कोणी कळवले नाही.

पुराव्यादाखल एक फाइल जवळून पाहू. डेबियनमध्ये ‘एट्सी’खाली ‘नेटवर्क’ नावाच्या फोल्डरात ‘इंटरफेसेस’ नावाची फाइल असते. डेस्कटॉप न निवडता नुसते मूळ डेबियन बसवले की इन्स्टॉलर तिच्यात दोन ओळी लिहून ठेवतो: ‘अलाउ-हॉटप्लग ईएनपी३एस०’ आणि ‘आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी’. हे कार्ड दिसले की उठवा आणि राउटरकडून पत्ता मागून घ्या, असा त्यांचा मतलब. नेट चालते. पुढे त्याच मशीनवर हौसेने ग्नोम किंवा केडीईचा डेस्कटॉप बसवला जातो आणि सोबत नेटवर्कमॅनेजर येतात. आल्या आल्या ते ती फाइल वाचतात, तिच्यात कार्डाचे नाव पाहतात आणि दोन पावले मागे सरतात. ज्याची सनद आधीची त्याचे कार्ड. डेबियनने त्यांना तसे वळणच लावले आहे. आता ब्राउझर चालतो, मेल येते, व्हिडिओ दिसतो, पण सेटिंगच्या खिडकीत हे कार्ड हाताळायची सोय नाही, आणि त्यांना ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ या आज्ञेने विचारले तर कार्डापुढे एकच शब्द येतो: ‘अनमॅनेज्ड’. वापरणारा दचकतो. नेट चालू आहे आणि मॅनेजर म्हणतो मी काही पाहत नाही, म्हणजे चालवतो आहे कोण? मग तो उपाय शोधायला लागतो, चार ठिकाणचे चार उपाय एकावर एक करतो, आणि चालू असलेले नेट बंद पडते.

या शब्दाला लोक फार शिव्या घालतात. मला तो सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत सभ्य शब्द वाटतो. ‘हे काम माझ्याकडे नाही’ असे स्पष्ट सांगणारा कारभारी सरकारी कचेरीत काय नि कॉम्प्युटरात काय, दुर्मिळच. त्याचा दोष एवढाच की तो पुढचे वाक्य बोलत नाही. ‘माझ्याकडे नाही, अमक्या फाइलीतल्या अमक्या ओळीमुळे ते इफअपडाउनकडे आहे’ एवढे त्याने सांगितले असते तर तासन्‌तास वाचले असते. त्याला ते माहीत असते. फाइल वाचूनच तो मागे सरला ना! त्याच यादीत ‘एलओ’ नावाचा लूपबॅक, म्हणजे मशीनने स्वतःशीच बोलण्यासाठीचा इंटरफेस दिसतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत त्याच्यापुढे लिहिलेले असते की जोडलेला आहे, पण बाहेरच्याने जोडला. हीसुद्धा प्रामाणिक नोंद. उलट ‘आयपी’ ही आज्ञा त्याच ‘एलओ’ची अवस्था ‘अननोन’ अशी देते. ज्याला केबल नाही, राउटर नाही, बिल नाही आणि जो सहसा कधी बंद पडत नाही, नेमक्या त्याच्या प्रकृतीबद्दल कर्नलला खात्री देववत नाही.

आता त्या ‘ईएनपी३एस०’ या नावाकडे वळू, कारण तक्रारदारांच्या यादीत ते वर असते. पूर्वी कार्डाचे नाव सुटसुटीत होते, ‘ईटीएच०’. दुसरे कार्ड असेल तर ‘ईटीएच१’. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टिमडीच्या १९७व्या आवृत्तीने नवी पद्धत आणली आणि नावे नंबर प्लेटसारखी झाली अशी ओरड उठली. इथे मी बदल करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. जुनी नावे ज्या क्रमाने कार्डे सापडतील त्या क्रमाने लागत, आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नव्हती. दोन कार्डांच्या मशीनवर आजचे ‘ईटीएच०’ उद्या ‘ईटीएच१’ होऊ शके, आणि बाहेरच्या जगासाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम मग घरातल्या कार्डाला लागत. नवे नाव कार्ड कुठे बसले आहे त्यावरून पडते: पीसीआयची तिसरी वाट, शून्यावा खण. यूएसबीच्या वायफायला तर ‘डब्ल्यूएलएक्स’ लावून पुढे त्याचा बारा अक्षरी मॅक पत्ता अख्खा जोडतात. एकूण पंधरा अक्षरे, आणि कर्नल इंटरफेसच्या नावाला देतो तीही पंधराच. नाव कुरूप आहे, पण त्याला कारण आहे. मग बिघडते कुठे? तर नाव जागेवरून पडते म्हटल्यावर जागेचा आकडा हलला की नावही हलते. मशीनमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क बसवली आणि वाटांची मोजणी एकाने सरकली, तर कालचे ‘ईएनपी३एस०’ आज ‘ईएनपी४एस०’ म्हणून जागे होते. नेटवर्कला कोणी हातही लावलेला नसतो. पण ‘इंटरफेसेस’ फाइलीतल्या त्या दोन ओळी जुन्याच नावाच्या कार्डाची वाट पाहत बसतात. डिस्क बसवून देणारा शपथेवर सांगतो की माझा काही संबंध नाही, आणि त्याच्या परीने तो खरेच बोलत असतो. इथेही दोष नावाचा नाही. नाव देणारा एक, नाव फाइलीत लिहिणारा दुसरा, आणि दोघांची गाठ घालून देणारा कोणीच नाही.

तरी हे सगळे परवडले. खरा धुमाकूळ पाहायचा तर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल पाहावी. काम क्षुल्लक: साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता कोणत्या सर्व्हरला विचारायचा, याची दोन-तीन ओळींची नोंद. लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी तिच्यातले पहिले तीनच सर्व्हर विचारात घेते. चौथा लिहिला तर तो शोभेला. एवढ्याशा फाइलीवर हक्क सांगणारे किती? राउटरकडून पत्ता आणणारा डीएचसीपीचा प्रोग्रॅम, रिझॉल्व्हकॉन्फ नावाचा मध्यस्थ, नेटवर्कमॅनेजर, सिस्टिमडी-रिझॉल्व्हडी, आणि वर ऑफिसचे व्हीपीएन. बहुतेक जण फाइलीच्या माथ्यावर आपली पाटी लावतात: ही अमक्याने तयार केली आहे, हाताने बदलू नये, बदलाल तर पुसले जाईल. धमकी पोकळ नसते. माणूस आपल्या आवडीचा सर्व्हर, समजा ८.८.८.८, लिहितो, काम होते, लॅपटॉप मिटतो, पुन्हा उघडतो, आणि फाइल जैसे थे. उबुंटूत तिच्यात १२७.०.०.५३ असा पत्ता सापडतो. १२७ने सुरू होणारे पत्ते म्हणजे हेच मशीन; तेव्हा नाव कोणाला विचारायचे या प्रश्नाचे उत्तर आहे, स्वतःलाच. शिवाय ती फाइल खरी फाइलच नसते. ‘रन’ फोल्डरातल्या दुसऱ्या एका फाइलीकडे बोट दाखवणारी ती नुसती लिंक असते, आणि ‘रन’मधले सारे दर वेळी मशीन सुरू होताना नव्याने मांडले जाते.

या जाचाने गांजलेल्या जनतेने शोधलेला तोडगा म्हणजे ‘सीएचएटीटीआर प्लस आय’. आधी ती लिंक पुसायची, तिथे खरी फाइल लिहायची, आणि या आज्ञेने तिला असे कुलूप घालायचे की ते काढल्याशिवाय रूटलाही तिच्यात एक अक्षर बदलता येऊ नये. सगळे कारभारी एकदम दाराबाहेर. तोडगा चालतो, आणि तो चालतो हीच पंचाईत. कुलूप घातल्याचे माणूस विसरून जातो. मग कधीतरी ऑफिसचे व्हीपीएन व्यवस्थित जोडले जाते, पण ऑफिसातली एकही साइट उघडत नाही, कारण तिथली नावे सांगणाऱ्या सर्व्हरची नोंद फाइलीत करताच येत नाही. ‘एलएस’ने पाहिले तर मालक रूट, लिहायची परवानगी आहे, सारे काही ठाकठीक. कुलूप त्यात दिसत नाही; ते पाहायला ‘एलएसएटीटीआर’ ही वेगळी आज्ञा लागते, आणि आपण कुलूप घातले हे आठवत असेल तरच ती आठवते. कारभाऱ्यांच्या गोंधळावर चिडून वापरणारा इथे स्वतःच आणखी एक कारभारी झाला, आणि त्यानेही नेमके बाकीच्यांसारखेच केले: हुकूम सोडला, सही केली नाही.

मशीन सुरू होतानाची प्रतीक्षा हे आणखी एक प्रकरण, पण ते थोडक्यात आटोपते. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे येरझाऱ्या घालतात आणि खाली लिहिलेले असते की नेटवर्क इंटरफेस उठवण्याचे काम चालू आहे, अमुक सेकंद झाले, मुदत पाच मिनिटे. केबल लावलेलीच नसते. ज्या कार्डाला कोणी पत्ता देणार नाही त्याच्यासाठी सगळे मशीन ताटकळते, कारण नेट आल्याशिवाय पुढे जाऊ नये अशी अट कुठल्याशा जुन्या फाइलीत आहे. सर्व्हरवर ही अट रास्तही असेल. घरच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडायला नेट कशाला हवे?

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही सगळी जुनी रडगाणी आहेत. आज मिंट, उबुंटू किंवा फेडोरा बसवा, कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारा, वायफाय निवडा, पासवर्ड द्या, झाले. मान्य आहे, बव्हंशी असेच होते. पण ते का होते ते पाहा. तिथे कार्ड पहिल्यापासून एकट्या नेटवर्कमॅनेजरांकडे असते म्हणून होते. एकाच्या नजरेत सगळी कार्डे असली की काय साधते त्याचा एक नमुना बघण्यासारखा आहे. नेटवर्कमॅनेजर प्रत्येक वाटेला एक आकडा लावतात; केबलला १०० आणि वायफायला ६००. जिचा आकडा लहान ती वाट आधी, म्हणून केबल लावली की वायफाय चालू असूनही डेटा केबलने जातो. आता समजा केबल राउटरपर्यंत ठीक आहे, पण राउटरच्या पलीकडची लाइन मेलेली आहे, आणि वायफाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडलेले आहे. आकडा पाहून चालले तर नेट असूनही नेट नाही. ज्या डिस्ट्रोत जोडणीची तपासणी चालू असते तिथे नेटवर्कमॅनेजर दोन्ही वाटांनी एक छोटे पान मागवून पाहतात, आणि जिकडून उत्तर येत नाही तिच्या आकड्यात २०,००० मिळवतात. केबल होते २०,१०० आणि वायफाय ६००वर राहून पुढे जाते. हा निर्णय ज्याला दोन्ही कार्डे दिसतात तोच घेऊ शकतो. केबल इफअपडाउनकडे आणि वायफाय नेटवर्कमॅनेजरांकडे अशी वाटणी झाली असती, तर दोघांनीही आपापले काम चोख केले असते आणि नेट चालले नसते. म्हणजे हा आक्षेप माझ्याच पदरात पडतो. सुखाचे घर ते, जिथे वाद होऊ शकला नाही. अर्थात तिथेही किरकोळ विनोद आहेतच. केडीईत वायफायचा पासवर्ड वॉलेटमध्ये ठेवला की तो लक्षात ठेवावा लागत नाही. त्याऐवजी वॉलेटचा पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. एकच मालक हवा म्हणता, पण आजच्या मशीनवर ते शक्य तरी आहे का? डॉकर बसवला की तो ‘डॉकर०’ नावाचा पूल उभा करून १७२.१७.०.१ या पत्त्यावर बसतो. व्हर्च्युअल मशीन चालवणारे लिबव्हर्ट ‘व्हीआयआरबीआर०’ उभारते आणि १९२.१६८.१२२.१ घेते. व्हीपीएन आपला बोगदा वेगळा काढते. ही मंडळी उपरी नाहीत, कामाची आहेत, आणि आपले इंटरफेस आपणच सांभाळणार हा त्यांचा हट्टही बरोबर आहे. पण सगळ्या मशीनला एकच कारभारी हवा असे मी म्हटलेले नाही. एका इंटरफेसला एक हवा, आणि तो कोण हे विचारणाऱ्याला कळायला हवे. डॉकरने ‘डॉकर०’ चालवावे. नेटवर्कमॅनेजरांनी त्याच्यापुढे ‘बाहेरच्याने जोडले’ एवढे लिहून गप्प बसावे. तसे ते आता लिहितातही. त्या ओळीत बाहेरचा म्हणजे डॉकर हे नाव आले की माझी तक्रार संपली.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. विंडोजमध्ये हे होत नाही कारण तिथे निवड नाही. लिनक्समध्ये निवड आहे आणि गोंधळ ही तिची किंमत, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. विंडोजमध्येही नव्या सेटिंग्जमागे जुन्या कंट्रोल पॅनलमधली नेटवर्क कार्डांची खिडकी अजून शाबूत आहे, पण दारे दोन असली तरी आतला कारभारी एकच. लिनक्समधली निवड खरी आहे, मात्र ती करतो कोण? नेटप्लॅन हवे की नको हे उबुंटू वापरणाऱ्या शिक्षिकेला कोणी विचारले नव्हते. डिस्ट्रोने निवडले, आणि पुढच्या आवृत्तीत मत बदलले तेव्हा जुन्या फाइली तिच्या मशीनवर तशाच सोडून दिल्या. निवडीचे स्वातंत्र्य त्यांना, आणि निवडींचा साचलेला इतिहास तिला. या युक्तिवादात एक गोष्ट मात्र मी मनापासून मान्य करतो. इथले भांडण साध्या मजकुराच्या फाइलींत आणि जर्नलमध्ये लिहिलेले असते. किती वाजता कोणी पत्ता लावला आणि कोणी काढला, हे चिकाटी असेल तर वाचता येते. ‘काहीतरी चुकले आहे, पुन्हा प्रयत्न करा’ या उत्तरापेक्षा हे कितीतरी बरे.

मग करायचे काय, तर नवे साधन आणू नये. डेस्कटॉप असेल तर कार्डे नेटवर्कमॅनेजरांकडे द्यावीत, ‘इंटरफेसेस’ फाइलीत ‘एलओ’खेरीज काही ठेवू नये, आणि जे चालवायचे नाहीत त्यांना नुसते थांबवून भागवू नये; थांबवलेला कारभारी दुसऱ्या कोणाच्या बोलावण्यावरून पुन्हा उठतो. सिस्टिमडीत ‘मास्क’ नावाची पक्की कैद आहे. तिच्यात घातलेल्या सेवेची फाइल थेट ‘डेव्ह-नल’ला, म्हणजे कायम रिकाम्या फाइलीला, जोडली जाते, मग तिला कोणीही हाक मारो. नाना फडणवीसांनीही पुढे सखारामबापूंना कैदेतच घातले होते.

वरच्या पातळीवर मात्र एक तह झालेला आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. उबुंटू २३.१० पासून वायफायच्या खिडकीत नवा पासवर्ड दिला की नेटवर्कमॅनेजर तो आपल्या दप्तरात न ठेवता नेटप्लॅनच्या फोल्डरात, ‘९०-एनएम’ने सुरू होणाऱ्या वायएएमएल फाइलीत लिहितात. नेटप्लॅन ती वाचून ‘रन’मध्ये नेटवर्कमॅनेजरांच्याच जुन्या घाटाची फाइल तयार करते. ती नेटवर्कमॅनेजर वाचतात आणि वायफाय जोडतात. आपणच लिहिलेले आपल्यालाच कळवले जाते, मध्ये फक्त आवकजावक नोंद होते. हसू येईल, पण त्या नोंदीमुळे नेटप्लॅनला विचारले तर सगळेच ठराव एका जागी सापडतात. त्यांत उबुंटूच्या डेस्कटॉपसोबत येणारी एक चिमुकली फाइल आहे. तिच्यात ‘रेंडरर: नेटवर्कमॅनेजर’ अशी एक ओळ, आणि माथ्यावर एक टीप की या मशीनवरची सर्व उपकरणे नेटवर्कमॅनेजरांना सांभाळू द्यावीत. सनद म्हणतात ती हीच. तीस वर्षांनी का होईना, कोणीतरी लिहून ठेवली. सिस्टिमडीचा नेटवर्कडी त्याच मशीनवर अजून बसवलेला आहे. चालू नाही, नुसता बसलेला आहे.